दिवस कलताना मिटणाऱ्या पापण्या

सकाळी उठताना माणूस धडधाकट असावा, दुपारपर्यंत घरची-दारची कामे त्याच्या हातून बिनबोभाट व्हावीत, आणि दिवस कलू लागला की पापण्या आपोआप खाली याव्यात, एकाची दोन दिसू लागावीत, बोलता बोलता आवाज नाकात जावा आणि रात्री घास चावण्याचे त्राणही जबड्यात उरू नये, अशा रुग्णाच्या वाट्याला औषधाआधी संशय येतो. कारण विश्रांती मिळताच तो पूर्ववत होतो, आणि सकाळी तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच्यात काहीच वावगे आढळत नाही. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ ही ती दुर्मीळ व्याधी. काही वेळ बोलल्यावर जिची वाचा बसे आणि तास-दोन तासांनी परत येई, अशा एका स्त्रीची हकिकत टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ सालीच नमूद करून ठेवली आहे.

मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचतो तो एका रसायनाच्या हस्ते. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन पाझरते, स्नायूच्या पृष्ठभागावरील ग्राहींना जाऊन भिडते, आणि तेव्हाच स्नायू आकुंचन पावतो. रोगजंतूंच्या बंदोबस्तासाठी शरीर जी प्रतिपिंडे निर्माण करते, ती बहुसंख्य रुग्णांत या ग्राहींवरच उलटतात व पुष्कळांचा नाश घडवून आणतात. स्नायू वारंवार वापरला की दर खेपेस पाझरणारे रसायन कमी होत जाते. निरोगी माणसाजवळ ग्राहींची शिल्लक मुबलक असल्यामुळे त्याला ही तूट जाणवत नाही, रुग्णाला मात्र ती भोवते.

उपचाराचा पहिला परिणामकारक मार्ग डॉ. मेरी वॉकर यांना १९३४ साली ग्रीनिचच्या एका रुग्णालयात सापडला. या रोगाची लक्षणे ‘कुरारे’ या बाणविषाच्या बाधेसारखीच आहेत हे ध्यानात घेऊन त्यांनी त्या विषावरचा उतारा, फायसोस्टिग्मीन, टोचून पाहिला, आणि मिटलेली पापणी वर उचलली गेली. परिणाम काही तासच टिकला. तरीही केवळ साम्याच्या धाग्यावरून इतक्या अचूक स्थळी पोचणारी ही बुद्धी मला असामान्य वाटते. रोगाचे मूळ उमगायला मात्र १९७३ साल उजाडावे लागले. जिम पॅट्रिक व जॉन लिंडस्ट्रॉम या संशोधकांनी विद्युत-ईल माशाचे ग्राही सशांना टोचले, तो त्यांविरुद्ध उठलेल्या प्रतिपिंडांमुळे सशांचीच अंगे लुळी पडली. मण्यारीच्या कुळातील एका तैवानी सापाच्या विषातले प्रथिन याच ग्राहींना घट्ट चिकटते. त्याच्या साह्याने त्याच वर्षी रुग्णांच्या स्नायूंतील ग्राहींची मोजदाद झाली, आणि ते फार कमी भरले. आपल्याकडे मण्यार चावलेल्याच्या पापण्या जड होतात, त्याचेही कारण चेतातंतू आणि स्नायू यांच्या याच सांध्यावर विषाचा अंमल बसतो हे आहे.

आज पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या तात्पुरती शक्ती देतात. प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रीन यांसारखी औषधे प्रतिकारयंत्रणेला आवर घालतात. याच यंत्रणेचा भाग असलेली छातीतील थायमस ग्रंथी काढल्याने निवडक रुग्णांना लाभ होतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतशीर चाचणीने सिद्ध केले. श्वासाचे स्नायू थकले तर जिवावर बेतते. अशा वेळी कृत्रिम श्वसनाची सोय सज्ज ठेवून रक्तद्रव बदलतात किंवा निरोगी दात्यांची प्रतिपिंडे शिरेतून देतात. रोग समूळ जाईलच अशी हमी नसली, तरी बहुतेकांना योग्य उपचारांनी संसार व नोकरी नीट करता येते.

निदानाचा आरंभ अगदी साध्या परीक्षेने होऊ शकतो. झुकलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवावा; ती ठळकपणे उचलली गेली तर संशय बळावतो आणि पुढे रक्ततपासणी व चेतातपासणी करतात. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी नित्याची प्रतिजैविके व शिरेतून दिलेले मॅग्नेशियम या रुग्णांना घातक ठरू शकतात. म्हणून ज्यांना हा विकार आहे त्यांनी त्याच्या नावाची चिठ्ठी सदैव खिशात बाळगावी, आणि दात काढायचा असला तरी ती आधी डॉक्टरांपुढे ठेवावी. घरातले कोणी दिवेलागणीला डोळे उघडे ठेवू शकत नसेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी चेतारोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि शक्यतो संध्याकाळीच न्यावे.