शंभरातले एक्क्याऐंशी

इंजिनाविरुद्ध इंजिन हे बुद्धिबळाचे सामने आता निरर्थक झाले आहेत, असे म्हणणाऱ्यांच्या हातात एक भक्कम आकडा आहे. टीसेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंजिनांच्या स्पर्धेत चौदाव्या हंगामाची अंतिम लढत 2019 च्या फेब्रुवारीत संपली. एका बाजूला स्टॉकफिश, दुसऱ्या बाजूला लीला चेस झीरो, आणि डाव शंभर. त्यांतले 81 बरोबरीत सुटले. स्टॉकफिशने दहा जिंकले, लीलाने नऊ. 50.5 विरुद्ध 49.5 अशा गुणांनी स्टॉकफिश विजेता ठरला. नाणे एकोणीस वेळा उडवले तर छापा-काट्यात चार-पाचांचा फरक सहज पडतो, आणि इथे फरक होता एकाचा. म्हणजे जगातल्या दोन बलाढ्य इंजिनांनी शंभर डाव खेळूनही कोण वरचढ ते सांगितले नाही. पुढच्याच हंगामात लीलाने 14 जिंकले, सात हरले आणि 79 बरोबरीत सोडवले. तो विजय ठसठशीत दिसतो, पण 21 निकाली डावांत सातचा फरक हासुद्धा नशिबाच्या आवाक्याबाहेरचा नाही. विजेतेपद या गोष्टीपुरते बोलायचे तर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे. प्रश्न असा आहे की हे सामने विजेतेपदासाठीच असतात का.

आधी बरोबरीच्या टक्केवारीबद्दलचा गैरसमज दूर करायला हवा. बरोबरी जास्त म्हणजे माहिती कमी, हे समीकरण सोपे वाटते, पण खरे नाही. डीपमाइंडच्या अल्फाझीरोने स्टॉकफिशशी खेळलेल्या हजार डावांचा निकाल 2018 च्या डिसेंबरमध्ये सायन्स नियतकालिकात आला, तेव्हा त्यातले 839 डाव बरोबरीत होते. टक्केवारी टीसेकच्या त्या अंतिम लढतीपेक्षाही चढी. तरी कोण श्रेष्ठ याबद्दल कुणाला शंका उरली नाही, कारण उरलेल्या 161 डावांपैकी 155 अल्फाझीरोचे होते आणि सहा स्टॉकफिशचे. बरोबरीचे डाव तराजूच्या मध्यावर पडतात, ते पारडे हलवत नाहीत आणि गोंधळही वाढवत नाहीत. निकाल ठरतो तो उरलेल्या डावांची वाटणी कशी झाली यावर. 10–9 मधून काहीच कळत नाही, 155–6 मधून सारे कळते. तेव्हा बरोबऱ्या वाढल्याची तक्रार करणाऱ्याने खरे तर तक्रार करायला हवी ती दोन्ही खेळाडू सारखेच तरबेज झाल्याची. तो काही सामन्याचा दोष म्हणता येणार नाही.

आता हे सामने चालतात कसे ते जवळून पाहू, कारण वादाचे उत्तर तिथे आहे. मोठ्या लढतींत इंजिनाला पहिल्या चालीपासून मोकळे सोडत नाहीत. तसे सोडले तर दोघेही ठरावीक भक्कम सुरुवाती खेळतील आणि डाव पुन्हा पुन्हा बरोबरीत जातील. म्हणून पहिल्या काही चाली बाहेरून ठरवून दिल्या जातात. टीसेकसाठी हे काम नेदरलँड्सचे येरून नूमेन यांनी वर्षानुवर्षे केले आहे. प्रत्येक सुरुवात दोनदा खेळली जाते: एकदा पांढरी मोहरी एका इंजिनाकडे, मग तीच स्थिती, पण बाजू उलट. त्यामुळे मोजण्याचे खरे एकक एक डाव नाही, जोडी आहे. सुरुवात फार संतुलित निवडली तर दोन्ही डाव बरोबरीत सुटतात, जोडी 1–1. काळ्याची बाजू पार कोसळलेली अशी सुरुवात दिली तर दोन्ही वेळा पांढरा जिंकतो, जोडी पुन्हा 1–1. यातली गंमत बरोबरी मोजणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. या दुसऱ्या प्रकारात बरोबरीचे प्रमाण शून्य आहे, सगळे डाव निकाली आहेत, आणि तरीही हाती काही लागत नाही. माहिती मिळते ती मधल्या अरुंद पट्ट्यात, जिथे पांढरा जिंकतो की काळा निसटतो हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. तिथे एक इंजिन पांढऱ्याने जिंकते आणि तीच वाईट बाजू काळ्याने सांभाळते. जोडी 1.5–0.5. नूमेन यांच्यासारख्या माणसाचे कसब हा पट्टा शोधण्यात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातले ते सर्वांत कमी कौतुक झालेले काम आहे.

हा पट्टा मोजमापातही शिरला आहे. इंजिनाने दाखवलेला +1.00 हा आकडा आपण सवयीने 'एका प्याद्याची आघाडी' असा वाचतो. स्टॉकफिशच्या 2022 च्या डिसेंबरमधल्या 15.1 आवृत्तीपासून त्याचा अर्थ बदलला. आता +1.00 म्हणजे तुल्यबळ इंजिनांच्या डावात त्या बाजूने जिंकण्याची शक्यता निम्मी. विजय आणि बरोबरी यांच्यामधली सीमा हीच मापाची खूण झाली. याच सीमेवरच्या सुरुवाती घेऊन स्टॉकफिशची रोजची चाचणी चालते. गॅरी लिन्सकॉट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या फिशटेस्ट या व्यवस्थेत जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक देतात. कुणी संहितेत एक छोटासा बदल सुचवला की जुनी आणि नवी आवृत्ती आधी दहा सेकंदांचे डाव खेळतात, त्यात टिकली तर साठ सेकंदांचे. एकेका बदलासाठी हजारो, कधी लाखाच्या घरात डाव होतात आणि एक-दोन एलो गुणांची सुधारणा खरी की भास हे ठरते. बहुतेक बदल नापास होतात. संगणक विरुद्ध संगणक बुद्धिबळ मुख्यतः हे आहे, आणि यात प्रेक्षक कुणीच नसतो. ते निरर्थक असते तर गेल्या दहा-बारा वर्षांत स्टॉकफिश एवढा वाढलाच नसता.

यावर पहिला आक्षेप येतो तो शुद्धतेचा. इंजिनाला नको असलेली सुरुवात त्याच्या गळ्यात मारायची आणि मग निकाल लागला म्हणून आनंद मानायचा, हे कसले बुद्धिबळ? पण ही युक्ती यंत्रांच्या काळातली नाही. 1903 मध्ये व्हिएन्नात एक अख्खी स्पर्धा किंग्ज गँबिटच्या सक्तीने खेळली गेली आणि चिगोरिन ती जिंकला. चेकर्स या खेळात तर माणसांच्याच बरोबऱ्या इतक्या वाढल्या की पहिल्या चाली चिठ्ठी काढून ठरवण्याचा नियम आला, आणि त्यावर तो खेळ पुढे कित्येक दशके जोमाने जगला. उलट खेळाचे नियमच बदलण्याचा मार्ग मला फारसा पटत नाही. क्रामनिकने डीपमाइंडबरोबर कॅसलिंगशिवायच्या बुद्धिबळाचा अभ्यास केला, 2021 मध्ये डॉर्टमुंडला आनंदने त्याला त्याच प्रकारात 2.5–1.5 ने हरवले, पण त्या चार डावांतलेही तीन बरोबरीतच सुटले.

दुसरी सूचना गुण बदलण्याची. जुन्या शतरंजमध्ये प्रतिस्पर्ध्याचा राजा एकटा पाडला तरी जिंकल्यात जमा होत असे, आणि त्याला चाल उरली नाही तर तोही विजयच. लास्करने अशा स्थितींना विजयाचा अंश द्यावा असे सुचवले होते. नाशिककरांना हे नवे वाटू नये. अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ तीन गुण घेऊन जातो, दुसऱ्याला एक मिळतो. म्हणजे बरोबरीच्या पोटातही वर-खाली असते, फक्त ते मोजायची सोय हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्रांनी यंत्रांशी खेळून माणसाला काय मिळते? इथे नाशिकच्याच विदित गुजराथीचा डाव पाहावा. 2023 ची ग्रँड स्विस जिंकून तो कँडिडेट्सला पात्र ठरला. 5 एप्रिल 2024 रोजी टोरंटोत दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी त्याची गाठ हिकारू नाकामुराशी होती. नाकामुरा त्याआधी सलग 47 डाव हरला नव्हता. सुरुवातीचा टप्पा पुरता संपायच्या आतच विदितने एच-3 वर उंट अर्पण केला, आणि तिसाव्या चालीच्या आत नाकामुराने डाव सोडला. पुढे नवव्या फेरीतही विदितने त्याला हरवले. आजच्या ग्रँडमास्टरची अशी तयारी इंजिनाशिवाय होत नाही, आणि ती करताना तो 'बरोबरी' हा शब्द यंत्रापेक्षा वेगळ्या अर्थाने वाचतो. यंत्र 0.00 दाखवते तेव्हा ते एवढेच सांगते की अचूक खेळले तर डाव सुटेल. समोरच्याला त्यासाठी एकच बारीक वाट आहे की दहा रुंद वाटा आहेत, हे त्या शून्यात लिहिलेले नसते. तयारी करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. काळ्याची वाईट बाजू इंजिनाने कशी सांभाळली, कुठल्या चालीवर डाव एका धाग्यावर लोंबकळत होता, हे त्या सक्तीच्या सुरुवातींच्या जोड्यांतून दिसते.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. प्रत्येक स्थिती मुळात जिंकलेली, हरलेली किंवा बरोबरीची असते. इंजिने परिपूर्णतेकडे सरकली की तो मधला पट्टाही आकसत जाईल आणि प्रत्येक जोडी 1–1 होईल. चेकर्सचे तसे झालेच: जोनाथन शेफर यांच्या गटाने 2007 मध्ये तो खेळ सोडवला आणि उत्तर निघाले बरोबरी. बुद्धिबळातही त्याची सावली दिसते. पोस्टाच्या बुद्धिबळात इंजिनांची मुभा आहे, एका चालीला कित्येक दिवस मिळतात, आणि तिथल्या जागतिक अजिंक्यपदाचे जवळजवळ सगळे डाव आता बरोबरीत जातात. एखादा विजय मिळाला तर विजेतेपद ठरते. तो प्रकार स्पर्धा म्हणून संपत आल्याचे मला मान्य आहे. पण बुद्धिबळ सुटणे ही वेगळी गोष्ट आहे. पटावर सात किंवा कमी मोहरी उरल्यानंतरचीच उत्तरे आजवर पूर्ण हाती आली आहेत, आणि डाव सुरू होतो बत्तीस मोहऱ्यांनी. शिवाय यंत्र बदलते तेव्हा पट्टाही सरकतो. लीलाशी झुंजत असतानाच 2020 मध्ये स्टॉकफिशने जपानी शोगीच्या इंजिनांतून आलेले न्यूरल नेटवर्कचे तंत्र स्वीकारले, आणि पुढे ते नेटवर्क घडवायला लीलाच्याच डावांची सामग्री वापरली. ज्या दोघांना शंभर डावांत एकमेकांवर मात करता आली नव्हती, त्यांतल्या एकाने दुसऱ्याचे शहाणपण घेतले आणि मग तो निर्विवाद पुढे गेला.

तेव्हा चषक कुणी नेला हा टीसेकच्या निकालपत्रकातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. नाशिकमधल्या एखाद्या प्रशिक्षकाने ते उघडले तर त्याने एकूण गुण वगळावेत, 1–1 सुटलेल्या जोड्या बाजूला कराव्यात, आणि ज्या थोड्या सुरुवातींत एकाने धडपडत डाव वाचवला व दुसऱ्याला तो वाचवता आला नाही, तिथून मुलांना शिकवायला घ्यावे.