रानाची शुश्रूषा

पावसाळा सुरू झाला, की गावोगावी वृक्षारोपण होते. शाळांतील मुले खड्डे खणतात, रोपे लावतात आणि त्यांना पाणी घालतात. जेथे झाड नाही तेथे झाड लावणे, हे सत्कृत्यच होय. परंतु जेथे मूळचे रान अद्याप टिकून आहे, तेथे मनुष्याने काय करावे? तेथील काम निराळ्या प्रकारचे असते. आजाऱ्याची शुश्रूषा करताना जी दृष्टी आणि जो धीर लागतो, तोच तेथे लागतो. असे एक रान आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार शहराला अगदी लागून आहे.

लोणारचे सरोवर जगप्रसिद्ध आहे. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड अशनी येथील काळ्या बेसाल्ट खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळाकार विवर निर्माण झाले. विवराच्या काठावरून पाहिले, की १२५ मीटरांहून अधिक खाली खाऱ्या पाण्याचे सरोवर दिसते. लवणासुर नावाच्या दैत्याचा विष्णूने येथे वध केला, अशी लोककथा आहे. सन २००० मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र अवघे ३.६५ चौरस किलोमीटर आहे. सन २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत लोणारचा समावेश झाला.

सरोवर पाहण्यास येणाऱ्यांचे लक्ष पाण्याकडे जाते. उतारावरच्या झाडीकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक ती झाडी या सरोवराची राखणदार आहे. साग, पळस, कडुनिंब, बाभूळ, काळा कुडा, मुरडशेंग अशी आपल्या मातीतली झाडेझुडपे तेथे आहेत. त्यांची मुळे उतारावरील माती घट्ट धरून ठेवतात. मोर आणि वानरे त्यांच्या आश्रयाने राहतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस फुलतो, तेव्हा पानगळीने उघड्या पडलेल्या रानात पाखरांना त्याच्या फुलांतला मध मिळतो. कोणते झाड केव्हा फुलावे आणि कोणी त्यावर पोसावे, हा हिशेब अशा रानात फार प्राचीन काळापासून बसलेला असतो.

या हिशेबात आता एक परकी वनस्पती शिरली आहे. तिचे नाव वेडी बाभूळ. ती मूळची अमेरिका खंडातील. सरपण मिळावे आणि उजाड जमीन झाकली जावी, या हेतूने एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली. हेतू वाईट नव्हता. आजही कित्येक गरिबांच्या चुली तिच्यावर पेटतात. परंतु तिला आवर राहिला नाही. तिच्या गोड शेंगा शेळ्या आणि गुरे आवडीने खातात. बिया मात्र पचत नाहीत, त्या लेंड्यांतून व शेणातून दूरवर पडतात आणि रुजतात. तिच्या काटेरी, दाट जाळीखाली इतर झाडांची रोपे सहसा वर येत नाहीत. लोणारच्या विवरात ती मोठ्या प्रमाणावर पसरली आहे.

आपली बाभूळ आणि वेडी बाभूळ यांतील भेद ओळखणे कठीण नाही. आपल्या बाभळीची फुले पिवळ्याधमक गोंड्यांसारखी गोल असतात आणि शेंगा मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. वेड्या बाभळीची फुले लांबट तुऱ्यांत येतात. तिच्या शेंगा फिक्या पिवळ्या असून त्यांना माळेसारखा आकार नसतो. हा भेद न ओळखता कुऱ्हाड चालवली, तर रोगाबरोबर रोग्याचाही नाश व्हावयाचा!

मग ओळख पटल्यावर ही सारी झुडपे एकाच वेळी का तोडू नयेत? तसे करण्यात दोन धोके आहेत. एक तर नुसती वरून तोडलेली वेडी बाभूळ बुंध्यापासून पुन्हा जोमाने फुटते. दुसरे असे, की तीव्र उतार एकाएकी उघडा पडला, तर पहिल्याच मुसळधार पावसात माती वाहून सरोवरात जाते. ज्या सरोवरासाठी खटाटोप करावयाचा, तेच गाळाने भरू लागते.

हा प्रश्न एकट्या लोणारचा नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात, समुद्राच्या खाडीलगत, मूळच्या रानाचे काही तुकडे शिल्लक आहेत. तेथेही बाहेरून आलेले तण माजले होते. तण सरसकट छाटले, की ते अधिकच दाट उगवते, हे जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींच्या ध्यानात आले. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी स्वतःच्या हातांनी एक निराळी पद्धत सिद्ध केली. पुढे त्या देशातील असंख्य स्वयंसेवकांनी तिचे अनुकरण केले.

त्या पद्धतीचे नियम तीन. पहिला नियम असा, की जेथे रान सर्वांत निरोगी आहे तेथून प्रारंभ करावा आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरकावे. दुसरा नियम, माती शक्य तितकी कमी हलवावी; पालापाचोळा बाजूला सारला, तर काम होताच तो पुन्हा जागच्या जागी पसरावा. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: मोकळ्या केलेल्या जागेत मूळची रोपे वर आल्याखेरीज पुढची जागा मोकळी करू नये. म्हणजे कामाचा वेग माणसाने ठरवावयाचा नाही. तो रानाने ठरवावयाचा. मूळच्या झाडांची बीजे मातीत असतातच. त्यांना वाट मोकळी करून द्यावी, म्हणजे पुढचे काम ती करतात.

लोणारला वनविभागाने वेडी बाभूळ काढण्याचे काम हाती घेतले आहे. तेथील निसर्गप्रेमी नागरिक आणि विद्यार्थी श्रमदान करून परिसरातील कचरा उचलतात. अभयारण्यातील एक फांदीसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाही, हे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेविले पाहिजे.

मुलांनो, तुमच्या गावाजवळही एखादी टेकडी, ओढ्याचा काठ किंवा देवराई असेल. तेथे प्रथम झाडांची नावे शिका. कोणते आपले आणि कोणते परके, हे जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारा. प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचून आणा. गाजरगवत दिसले, तर फुलण्यापूर्वीच मोठ्यांच्या मदतीने ते मुळासकट उपटा. त्याने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावयास विसरू नका. वर्षभराने त्याच जागी पुन्हा जा आणि काय उगवले आहे ते वहीत टिपून ठेवा.

या कामात समारंभ नसतो आणि त्याचे फळ एका दिवसात दिसत नाही. पण मोकळ्या केलेल्या हातभर जागेत एखाद्या पावसाळ्यात पळसाची तीन कोवळी पाने वर आलेली दिसतात. ते रोप कोणी लावलेले नसते. रान बरे होऊ लागल्याची ती खूण असते.