चांदीचे अणू आणि चुंबकाचा प्रश्न

क्वांटम भौतिकी शिकायला बसणाऱ्याला मी आधी श्टेर्न-गेर्लाख यंत्र दाखवेन, समीकरणं नंतर. ऑटो श्टेर्न यांनी १९२१ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि वाल्टर गेर्लाख यांनी फेब्रुवारी १९२२ मध्ये फ्रँकफुर्टला ते चालवून दाखवलं. निर्वात नळीतल्या छोट्या भट्टीत चांदी सुमारे हजार अंशांवर तापवायची, वाफेतल्या अणूंचा अरुंद फटींतून बारीक झोत काढायचा आणि तो साडेतीन सेंटिमीटर लांबीच्या चुंबकातून सोडायचा. चुंबकाचा एक ध्रुव धारदार, दुसऱ्याला खाच. म्हणून क्षेत्र सगळीकडे सारखं नसे. समोरच्या काचेवर चांदी इतकी विरळ बसे की डोळ्यांना दिसेना. श्टेर्न पुढे सांगत, की त्यांच्या स्वस्त सिगारच्या धुरातल्या गंधकानं ती काळी पडली, तेव्हा कुठे ठसा उमटला.

अणू वाटेल त्या दिशेला कललेले असते, तर काचेवर एकसंध पट्टा यायला हवा होता. आले दोन भाग, मधलं अंतर जेमतेम ०.२ मिलिमीटर. चांदीच्या बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग, हे त्याचं कारण. पण स्पिनची कल्पनाच मुळी १९२५ ची.

आता अशी यंत्रं मनातल्या मनात एकापुढे एक लावा. पहिलं उभं, त्यातले फक्त ‘वर’ गेलेले अणू पुढे जाऊ द्या. दुसरंही उभं असेल, तर सगळे वरच जातात. दुसरं आडवं केलं, तर निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. उजवीकडचे तेवढे घेऊन पुन्हा उभ्या यंत्रात सोडा: निम्मे वर, निम्मे खाली! पहिल्या यंत्राचा निकाल पुसला गेला.

म्हणजे उभ्या अक्षावर जो ठामपणे ‘वर’ आहे, तोच आडव्या अक्षावर डाव्या-उजव्याच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे दोन्ही अवस्थांच्या मिश्र मेळात, असतो. अवस्था एकच, अक्ष बदलला की तिचं वर्णन बदलतं. चुंबक ६० अंश कलवलं, तर ७५ टक्के अणू वर जातात.

‘अणू आतून डावा किंवा उजवा असतोच, आपल्याला ठाऊक नसतं इतकंच’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. तसं असतं, तर डावा आणि उजवा असे दोन्ही झोत मागे खूण न ठेवता पुन्हा जुळवून उभ्या यंत्रात सोडल्यावरही निम्मे अणू खाली गेले असते. क्वांटम सिद्धांतानुसार सगळे वरच जातात. याच तत्त्वाची परीक्षा १९८० च्या दशकात न्यूट्रॉनवर झाली. एका वाटेवर स्पिन वर, दुसरीवर खाली. वाटा जुळल्यावर बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनांचा स्पिन आडवा होता.