बहिणीचा हिस्सा : सीनाकाठ ते सुमात्रा

सावेडीत आज शेत शोधावं लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगले, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं. पण इथली जुनी माणसं अजूनही ‘आमचा मळा’ असं म्हणत एखाद्या इमारतीकडे बोट दाखवतात. नगर शहर वाढत गेलं, जमिनीचे एनए प्लॉट पडले आणि पूर्वी एकरात बोलणारी घरं गुंठ्यात बोलू लागली. जमिनीला भाव आला, तसा घराघरांत एक प्रश्नही आला: बहिणीचं काय?

आमच्या ओळखीच्या एक बाजी सावेडीत राहतात. त्यांचं माहेर सीना नदीकाठच्या एका लहान गावात. अब्बांची आठ एकर जमीन, एक विहीर आणि गावठाणातलं मातीचं घर. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा मागे अम्मी, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. चाळिसाव्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊ तिन्ही बहिणींना गाडीत बसवून तालुक्याला घेऊन गेले. कागद तयार होता. ‘इथे सही कर’ म्हटलं, बाजींनी केली. ते हक्कसोडपत्र होतं हे त्यांना घरी आल्यावर शौहरकडून कळलं.

“मला जमीन नकोच होती,” बाजी सांगतात. “मला विचारलं असतं, तर मी हसत दिली असती. पण मला कुणी विचारलंच नाही. आणि ‘नाही’ म्हटलं असतं तर ईदला कुणाच्या दारात जाणार होते मी?”

बाजींचं हे शेवटचं वाक्य आपल्या हजारो बहिणींचं आहे. माहेरचा दरवाजा उघडा राहावा, ही हक्कसोडीची खरी किंमत असते.

आता थोडं दूर जाऊ. इंडोनेशियात सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात मिनांगकाबाऊ नावाचा समाज राहतो. नमाज, रोजा, हज यांत पक्के मुसलमान. त्यांच्या गावाला ते ‘नगारी’ म्हणतात. शब्द आपल्याच ‘नगर’चा भाऊ. जुन्या रिवाजाप्रमाणे पाच गोष्टी असल्याशिवाय वस्तीला नगारी म्हणत नसत: रस्ता, अंघोळीचा घाट, पंचांची बैठक, मशीद आणि मैदान. काही नगाऱ्यांत नदीचा एक पट्टा राखून ठेवतात. ठरलेल्या दिवसापर्यंत तिथे कुणी मासा धरायचा नाही. मग सगळं गाव मिळून धरतं आणि त्या उत्पन्नातून मशिदीची, शाळेची कामं होतात.

या गावांतली मालमत्तेची रीत ऐकून आपण थक्क होतो. वडिलोपार्जित घर आणि भातशेती तिथे आईकडून मुलीकडे जाते. शिंगांसारख्या टोकदार छपराच्या मोठ्या घरात मुली राहतात आणि जावई बायकोच्या घरी येतो. तरुण मुलगे कमवायला परगावी जातात. ही जमीन एकट्या बाईचीही नसते, सगळ्या कुळाची असते; फार मोठी अडचण आल्याशिवाय ती विकता येत नाही. तिची देखरेख मामा करतो. म्हणजे भाऊ तिथे बहिणीच्या जमिनीचा राखणदार असतो.

मग शरियतचं काय? हा प्रश्न त्यांच्याच उलेमांनी विचारला. मिनांगकाबाऊ घराण्यातले शेख अहमद खतीब (1860 ते 1916) मक्केच्या मस्जिद-अल-हराममध्ये इमाम होते. बापाची मिळकत त्याच्या स्वतःच्या मुलांना न मिळता भाच्यांकडे जावी, याला त्यांनी कडाडून विरोध केला. वाद पुढेही चालला. शेवटी 1952 मध्ये बुकिटिंगी शहरात उलेमा आणि रिवाजाचे जाणकार एकत्र बसले आणि तोडगा निघाला: कुळाची जुनी जमीन रिवाजाप्रमाणे चालेल, पण माणसाने स्वतः कमावलेली मिळकत शरियतच्या हिश्शांप्रमाणे वाटली जाईल.

त्यांची रीत आपण उचलावी, असं मुळीच म्हणायचं नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली, जी आपण टाळतो. आपला रिवाज आणि अल्लाहचा हुकूम यांत कुठे अंतर पडतंय, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं. आपल्याकडे रिवाज उलट दिशेने वाकलेला आहे. तिथे मुलाचा हिस्सा राहून जात होता, इथे मुलीचा राहतो. आणि आपण त्याला ‘आमच्यात असंच असतं’ म्हणून मोकळे होतो.

हुकूम काय आहे, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सूरह निसाच्या सातव्या आयतीचा आशय असा, की आई-बाप आणि नातेवाइकांनी मागे ठेवलेल्या मालात पुरुषांचा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही आहे. माल थोडा असो वा जास्त, हा हिस्सा ठरवून दिलेला आहे. अकराव्या आणि बाराव्या आयतीत वाटे सांगितले आहेत आणि तेराव्या-चौदाव्या आयतीत त्यांना अल्लाहने घातलेल्या मर्यादा म्हटलं आहे.

हदीसमध्ये हजरत साद बिन रबी (रजि.) यांचा प्रसंग येतो. ते उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळा माल ताब्यात घेतला. त्यांची बेवा दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे आली आणि म्हणाली, आता या मुलींचं कसं व्हायचं? विरासतीची आयत उतरल्यावर त्यांनी मुलींच्या चुलत्याला बोलावून सांगितलं, की दोन तृतीयांश मुलींना दे, आठवा हिस्सा त्यांच्या आईला दे आणि उरलेलं तुझं. मुलींचा हक्क मागायला एक आई उभी राहिली होती, हे आपण विसरू नये.

आता बाजींच्या घरचा हिशेब करू. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज (बायकोची मेहर द्यायची राहिली असेल तर तेही कर्जच), मग वसीयत असल्यास ती जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत. त्यानंतर वाटणी. आठ एकरांत अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे एक एकर. उरले सात. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे दोन मुलग्यांना दोन-दोन एकर आणि तीन मुलींना एक-एक एकर. हिशेब इतका सरळ आहे. अवघड आहे ती नियत.

लग्नात खर्च केला, जहेज दिला, म्हणून हिस्सा फिटला असं सर्रास ऐकू येतं. दोन्हींचा संबंध नाही. बापाने हयातीत दिलेली भेट वेगळी आणि त्याच्या मृत्यूनंतर उघडणारा वारसा वेगळा. म्हणूनच वडील जिवंत असताना मुलीकडून ‘मला काही नको’ असं लिहून घेण्यालाही साधारणपणे अर्थ नसतो. जो हक्क अजून जन्मलाच नाही, तो सोडणार कसा?

बहिणीने हिस्सा सोडूच नये का? जरूर सोडावा, तिच्या मनात असेल तर. काही मोबदला घेऊन वाटणीतून बाजूला होण्याची सोयही फिकहमध्ये आहे, तिला तखारुज म्हणतात. अट एकच: तिला आपला हिस्सा किती हे माहीत हवं आणि होकार खुशीचा हवा. संकोचातून आलेली सही म्हणजे खुशी नव्हे.

कागदाच्या बाजूने काही गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. मृत्यूनंतर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज देताना सगळ्या वारसांची नावं द्यावीत; आई आणि बहिणींचीही. फेरफार नोंद मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, ती नोटीस वाचल्याशिवाय सही करू नये. सातबारा आता मोबाईलवरही पाहता येतो. माहेरच्या गटाचा उतारा बहिणीने पाहण्यात बेअदबी नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, तिथे मजकूर वाचून घेण्याचा तिला हक्क आहे. सावेडीसारख्या ठिकाणी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक पाहावं. गावठाणातल्या घरांना वर्षानुवर्षं फक्त ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा असायचा आणि तो कर आकारणीचा कागद आहे. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अशा घरांचीही मालमत्ता पत्रकं तयार होऊ लागली आहेत. नवा कागद बनतानाच नाव राहिलं, तर पुढे घालताना फार वणवण होते.

याच नगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने जमिनीची मोजणी करून, पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली आणि शेतकऱ्याचा मिरासी हक्क मानला. ज्याचं त्याला मिळावं, ही रीत या मातीला नवी नाही.

तीन वर्षांपूर्वी बाजींच्या शौहरचा इंतकाल झाला. सावेडीतला एक प्लॉट, त्यावर चार खोल्या. मुलगे म्हणाले, “अम्मी, आपाला कशाला कचेरीत बोलवायचं? ती काही मागणार नाही.” बाजी म्हणाल्या, “मागणार नाही, म्हणूनच बोलवा.”

आज त्या मालमत्ता पत्रकावर बाजींचं, दोन मुलांचं आणि मुलीचं, अशी चार नावं आहेत. मुलगी अजूनही काही मागत नाही. ईदला येते, चार खोल्यांच्या त्या घरात दोन दिवस राहते. बाजी म्हणतात, “ती पाहुणी म्हणून येत नाही. तिच्या घरी येते.”