गावठी अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असतं का?

(मालगुंड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

केशवसुतांच्या गावात उभं राहून कोंबडीच्या अंड्यावर बोलायचं, आणि तेही तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने! काही जणांना हसू आलं असेल. येऊ दे. मी या विषयाकडे गेलो नाही, तो माझ्या घरात आला.

माझ्या थोरल्या भावाला, दादांना, काही वर्षांपूर्वी हृदयाचा झटका आला. स्टेंट बसला. वहिनींनी त्या दिवसापासून अंड्याचा पिवळा बलक बंद केला. मग कुणीतरी सांगितलं, "बॉयलरची अंडी नकोत, गावठी चालतात. त्यात कोलेस्टेरॉल नसतंच." झालं! रोज सकाळी तीन गावठी अंडी, बलकासकट, दुप्पट भाव देऊन आणि अगदी निर्धास्त मनाने. एकदा वहिनींनी मला विचारलं, "भावोजी, तुम्ही एवढे शिकलेले, हे खरं आहे का हो?" मला उत्तर येत नव्हतं. म्हणून वाचायला बसलो.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपण 'बॉयलरची अंडी' म्हणतो, पण बॉयलर म्हणजे ब्रॉयलर हा मांसाचा पक्षी. तो सहा-सात आठवड्यांचा झाला की खाटकाकडे जातो, अंडं घालायचं वय त्याला येतच नाही. दुकानातलं अंडं येतं लेअर कोंबडीचं. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. आपली परसातली गावठी कोंबडी मधेमधे खुडूक होते, पिल्लं काढते, आणि वर्षाकाठी पन्नास-साठ अंड्यांवर थांबते.

आता कोलेस्टेरॉल. ते सगळं बलकात असतं, पांढऱ्यात नसतं. कोंबडीचं यकृत ते तयार करतं, चरबीच्या बारीक कणांत भरतं आणि रक्तावाटे ते वाढत्या बलकात जाऊन पोचतं. कशासाठी? एकवीस दिवसांत पिल्लू घडायचं असतं. त्याच्या प्रत्येक पेशीचं आवरण, त्याचा मेंदू, या सगळ्याला कोलेस्टेरॉल लागतं. ॲरिस्टॉटलने कोंबडीखालची अंडी दिवसादिवसाने फोडून पाहिली होती. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला त्याला आत रक्ताचा एक ठिपका हलताना दिसला. ते हृदय. ज्या बलकावर ते हृदय पोसतं, त्याच बलकाला आपण आपल्या हृदयासाठी घाबरतो, ही मला मोठी गंमत वाटते.

पिल्लाचीच गरज असल्यामुळे कोंबडी यात फारशी काटकसर करत नाही. खाद्यात जवस घातलं तर बलकातली चरबी बदलते, ओमेगा-3 वाढतं. कोलेस्टेरॉल मात्र जवळपास तिथल्या तिथे राहतं. पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनही ते फारसं खाली आणता आलेलं नाही. एक ग्रॅम बलकात साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम. आपण 12 धरू. जातीजातींत थोडा फरक असतो, आणि गंमत म्हणजे कमी अंडी घालणाऱ्या जातींच्या बलकात ते बहुधा किंचित जास्तच सापडतं. गावठीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

मग खरा फरक कुठे आहे? बलक केवढा आहे, यात. हिशेबासाठी आकडे घेऊ. गावठी अंडं 40 ग्रॅमचं, त्यात बलक 14 ग्रॅम. कोलेस्टेरॉल झालं 168 मिलिग्रॅम. लेअरचं अंडं 58 ग्रॅमचं, बलक 16 ग्रॅम. म्हणजे 192. गावठी जिंकलं! थांबा. आता दर 100 ग्रॅम अंड्यामागे काढा. गावठीत 420, लेअरमध्ये 331. गावठी हरलं. अंडी तीच, आकडे तेच, पण निकाल उलटा. कारण गावठी अंडं लहान असलं तरी त्यात बलकाचा वाटा मोठा असतो. वर्गात मी पोरांना सांगायचो, 'जास्त' हा शब्द एकटा कधी उभा राहत नाही. कशामागे जास्त, ते आधी विचारा. तीस वर्षं सांगत होतो, आणि स्वतःच्या घरातल्या ताटात ते मला दिसलं नाही.

आता वय. याकडे कुणी पाहत नाही, पण फरक इथे मोठा आहे. तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, लहान अंडं घालते आणि त्यात बलक अगदीच छोटा असतो. तीच कोंबडी वर्षभराने मोठं अंडं घालते, आणि बलक अंड्यापेक्षाही वेगाने वाढलेला असतो. लेअरच्याच तलंगेचं अंडं 45 ग्रॅमचं, बलक 10 ग्रॅम धरला तर 120 मिलिग्रॅम. तीच सत्तर आठवड्यांची झाली, बलक 18 ग्रॅम झाला, की 216. जात तीच, खाद्य तेच, पिंजरा तोच! गावठी-लेअरच्या भांडणात आपण 24 मिलिग्रॅमवर बोलत होतो, इथे जवळजवळ शंभराचा फरक पडला.

कवचाचा रंग जातीवर जातो, बलकाचा केशरी रंग मक्यावर आणि हिरव्या पाल्यावर. कोलेस्टेरॉलशी दोन्हींचा संबंध नाही.

तर दादांची तीन गावठी अंडी म्हणजे दिवसाला पाचशे मिलिग्रॅम. पूर्वी अमेरिकेत दिवसाला 300 ची मर्यादा सांगत. 2015 च्या त्यांच्या आहारसूचनांतून तो आकडा काढला, कारण बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढतं. (आपल्या नारळात कोलेस्टेरॉल शून्य, पण संपृक्त चरबी भरपूर. हे इथे बोलायचं म्हणजे धाडसच!) पण 'बहुतेकांच्या' म्हणजे सगळ्यांच्या नव्हे. काहींचं शरीर बलकाला जास्त दाद देतं, आणि दादांना मधुमेहही आहे. मी हिशेबाचा कागद त्यांच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी आठवड्याला तीन बलक ठरवून दिले, पांढरं हवं तेवढं. दादा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी एका ताईंनी विचारलंय की कडकनाथचं अंडं खाल्लं तर? कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली जात, मांस काळं. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी आणि लहान असतं. त्यालाही हाच हिशेब लावा. एक अंडं उकडा, बलक काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅमला बाराने गुणा. अंदाज येईल.