संगणकात बसलेला सूत्रसंचालक

पटकन सांगा, मारुती की विठोबा? जिलब्या. पत्र्या. उपाशी. डुल्या. निवडुंग्या. बटाट्या. पासोड्या. सात नावं, तीस सेकंद.

पुण्याच्या पेठांत वाढलेला माणूस म्हणेल, यात काय कठीण? जिलब्या, पत्र्या, डुल्या, बटाट्या हे मारुती. उपाशी, निवडुंग्या, पासोड्या हे विठोबा. पण समोर सेकंदकाटा पळत असला आणि कानाशी कुणीतरी मिस्कील आवाजात घाई करत असला, की पक्का सदाशिवपेठीसुद्धा ‘डुल्या विठोबा’ म्हणून मोकळा होतो. आणि मग हसू फुटतं. माहिती असूनही चुकण्यात इतकी मजा का येते? याच एका प्रश्नावर शिकागोतल्या काही मंडळींनी एक अख्खा खेळ उभा केला. त्याचं नाव ‘यू डोन्ट नो जॅक’. वरच्या सात नावांचा प्रश्न मी रचलेला आहे, पण त्याचा साचा त्या खेळातल्या ‘डिस ऑर डॅट’ या फेरीचा.

गोष्ट सुरू होते लहान मुलांपासून. जेलीव्हिजन या कंपनीचे संस्थापक हॅरी गॉटलीब यांनी मुलांना पुस्तकांची गोडी लागावी म्हणून प्रश्नमंजूषेच्या धर्तीवर एक सीडी-रॉम केली होती. संगणकाच्या पडद्यावर पंख फडफडवत उडणारे टोस्टर आठवतात? तो स्क्रीनसेव्हर बर्कली सिस्टिम्सचा. या दोन कंपन्यांनी मिळून तीच कल्पना मोठ्या माणसांसाठी वळवली आणि १९९५ साली ‘जॅक’ बाजारात आला. एका कीबोर्डवर तिघे जण दाटीवाटीने बसायचे. एकाचं बटण क्यू, दुसऱ्याचं बी, तिसऱ्याचं पी. उत्तर येत असेल तर आधी बटण दाबायचं. बस्स, एवढंच शिकायचं.

आता त्यातली जादू बघा. पडद्यावर माणूस दिसतच नाही! अक्षरं आहेत, आकडे आहेत आणि एक आवाज आहे. तरीही खेळणाऱ्याला ठाम वाटतं की पलीकडे कुणीतरी बसलंय आणि आपल्याकडे बघतंय. तुम्ही रेंगाळलात की तो कंटाळतो. चुकलात की नेमकी तुमचीच चूक पकडून टोमणा मारतो. उत्तर टाइप करायच्या जागी कुणी शिवी लिहिली तर तो खवळतो, गुण कापतो, आणि पुन्हा पुन्हा तेच केलं तर खेळच बंद करून निघून जातो. १९९५ सालच्या संगणकात एवढी समज आली कुठून?

आलीच नव्हती. तिथे होते फक्त आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे.

पण तुकडे जोडून बोलणारा आवाज आपण पुणे स्टेशनवरही ऐकतो. गाडीचा क्रमांक, गावाचं नाव, फलाटाचा आकडा, सगळं सुटं सुटं मुद्रित केलेलं. तो आवाज एका क्षणात यंत्राचा म्हणून ओळखू येतो. मग जॅकचा का नाही? कारण कात्री कुठे चालवली ते बघा. स्टेशनवर ती शब्दाशब्दांमध्ये चालते, त्यामुळे सुराची चढउतार मध्येच तुटते. जॅकमध्ये ती चालते बोलणं पुरं झाल्यावर. टोमणा असेल तर अख्खा टोमणा, त्यातल्या श्वासासकट आणि हसण्यासकट. संगणकाच्या वाट्याला एकच काम उरतं: कुठल्या क्षणी कुठला तुकडा वाजवायचा ते निवडणं.

आणि या निवडीसाठी लेखकांनी आधी किती लिहून ठेवायचं? एक प्रश्न करून बघू. पेशव्यांचा हत्ती अंबारीसकट शनिवारवाड्यात आणायचा आहे, कुठल्या दरवाजाने आणाल? पर्याय: खिडकी, जांभूळ, मस्तानी, दिल्ली. उत्तर दिल्ली दरवाजा. वाड्याचा हा मुख्य दरवाजा अंबारीच्या हत्तीला पुरेल एवढा प्रशस्त आहे. साध्या प्रश्नमंजूषेत चुकलात तर ‘चूक’ एवढंच ऐकू आलं असतं. जॅकच्या पद्धतीत मात्र प्रत्येक चुकीला स्वतंत्र उत्तर हवं. ‘खिडकी’ दाबलंत: ‘अहो, आधी सोंड तरी बाहेर काढून बघा!’ ‘मस्तानी’ दाबलंत: ‘हत्तीला मस्तानी आवडेल हो, पण ती ग्लासातली.’ ‘जांभूळ’ दाबलंत तर त्यालाही वेगळा टोमणा. काहीच दाबलं नाहीत: ‘हत्ती ताटकळलाय, मागे बाजीराव रस्त्यापर्यंत रांग लागलीय.’ म्हणजे प्रश्न, बरोबर उत्तर, तीन चुका आणि एक गप्प बसणं, असे एका प्रश्नामागे सहा तुकडे. प्रश्नानंतर त्यातला एकच वाजणार, पण लिहायचे आणि बोलून घ्यायचे सगळेच. तुम्ही ऐकलेल्या प्रत्येक विनोदामागे न ऐकलेले तीनचार विनोद दडलेले असत!

गॉटलीब यांनी ही रीत पुढे ‘जॅक प्रिन्सिपल्स’ या नावाने लिहून काढली. वाचताना वाटतं, हे संगणकाचं शास्त्र नसून गप्पांचंच शास्त्र आहे. एका वेळी एकच काम सांगा. पर्याय मोजके ठेवा. समोरचा थांबला तरी तुम्ही थांबू नका. त्याने काय केलं याला दाद द्या, आणि काय केलं नाही यालाही. मगाशी काय केलं होतं ते लक्षात ठेवा. घड्याळाकडे बघून बोला. या शेवटच्या सूचनेने मला तर थक्क केलं. कुठल्याही संगणकाला वेळ ठाऊक असते. मध्यरात्री खेळणाऱ्याला ‘अजून झोपला नाहीत?’ असं विचारायला बुद्धी लागतच नाही, फक्त आठवण ठेवून ते वाक्य आधी मुद्रित करावं लागतं. पण ऐकणारा दचकून मागे वळून बघतो!

मग १९९६ साली हा खेळ इंटरनेटवर आला, ‘नेटशो’ म्हणून, फुकट, मधल्या जाहिरातींच्या जिवावर. त्या काळाचा वेग आठवा. टेलिफोनच्या तारेतून किर्रकिर्र करत जोडलं जाणारं इंटरनेट. ५६ केबीपीएसचा मोडेम मिळाला तर माणूस मिरवायचा. संगीताच्या सीडीवर असतो तसा एक मिनिटाचा आवाज त्या मोडेममधून आणायला सुमारे २५ मिनिटं लागली असती. आणि हा तर निव्वळ आवाजावर जगणारा खेळ! म्हणून मूळ कार्यक्रम एकदाच उतरवून घ्यायचा आणि नेटवरून फक्त नवे भाग आणायचे, तेही आवाज दाबून दाबून लहान केलेले.

पुढे तो ब्राउझरमध्ये आला आणि २०१२ साली फेसबुकवर. या आवृत्तीतली एक युक्ती मला सगळ्यात आवडते. समजा पुण्यातली मावशी रात्री जेवणं आटोपून एकटीच खेळली. न्यूजर्सीतली भाची तोच भाग आपल्या सवडीने दुसऱ्या दिवशी खेळते. पण भाचीला दिसतं की मावशी आत्ता, या क्षणी, आपल्याशी चढाओढ करतेय. मावशीने तिच्या आधी बटण दाबलं, मावशी चुकली, मावशी पुढे गेली! साठवलं काय होतं? प्रत्येक प्रश्नाचं निवडलेलं उत्तर आणि ते किती वेळात दिलं त्याची नोंद. एवढ्या चिमूटभर माहितीतून झोपलेली मावशी समोर येऊन बसते.

विनोदी प्रश्नमंजूषा टिकवणं मात्र अवघड असतं. विनोद गावाला बांधलेला असतो. बटाट्या मारुती शिकागोत कुणाला हसवणार? जॅकच्या जर्मन, फ्रेंच, जपानी आवृत्त्या निघाल्या, त्याही तिथल्या माणसांना हसू येईल अशा बेताने. विनोद काळालाही बांधलेला असतो आणि प्रश्न एकदाच वापरता येतो, म्हणून नवे प्रश्न सतत लिहावे लागतात. पुण्यात ‘बोट क्लब क्विझ क्लब’च्या मंडळींना विचारा, एक चांगला प्रश्न घडवायला किती खटपट पडते. उत्तर ठाऊक नसतानाही डोकं चालवून तिथवर पोचता आलं पाहिजे, आणि कळल्यावर कपाळावर हात मारावासा वाटला पाहिजे. जॅकच्या लेखकांना त्यावर हसवायचंही होतं.

नेटशो २००० साली थांबला. फेसबुकवरचा खेळ २०१५ च्या मार्चमध्ये बंद झाला. १९९५ ची सीडी कुणाच्या कपाटात असेल तर ती आजही जुन्या संगणकावर चालू शकते. पण तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी धाकटा असलेला फेसबुकवरचा खेळ कुणालाच खेळता येत नाही! कारण त्याचे प्रश्न आणि आवाज कंपनीच्या सर्व्हरवर होते. सर्व्हर बंद, खेळ संपला. ब्राउझरमधल्या खेळांवर दुसरा घाव बसला तो फ्लॅश बंद पडल्याचा. त्या काळचे असंख्य वेबखेळ अडोबीच्या या तंत्रावर चालत. कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर दाखवणंच थांबवलं. हजारो हलती चित्रं, कोडी, खेळ एका तारखेला गप्प झाले.

त्यातलं बरंच काही वाचवलंय ते हौशी लोकांनी. ‘फ्लॅशपॉइंट’ या प्रकल्पात एक लाखाहून अधिक खेळ जमा आहेत. ‘रफल’ नावाचा फुकट कार्यक्रम जुनी फ्लॅश फाइल आजच्या ब्राउझरमध्ये चालवून दाखवतो. जॅकही संपलेला नाही. २०१४ पासून तो ‘जॅकबॉक्स पार्टी पॅक’मधून परतला आणि आता प्रत्येकाच्या फोनमधला ब्राउझरच त्याचं बटण झाला आहे. पण या वाचवणाऱ्यांना फाइल तरी हातात मिळावी लागते. नव्वदीच्या शेवटी आणि त्यानंतर मराठीतही कोड्यांच्या, गोष्टींच्या, शालेय खेळांच्या सीडी घरोघरी आल्या. त्यातली एखादी तुमच्या माळ्यावर असेल तर या रविवारी काढा, चालते का बघा, आणि तिची एक प्रत हार्ड डिस्कवर करून ठेवा. सीडीचा थर कायमचा टिकत नाही.