गोचिडीचा चावा आणि रोग्याचे समाधान

मानपाड्याच्या माणसाला रान दूर नाही. घोडबंदर रस्त्यावरील इमारतींच्या रांगा संपतात न संपतात तोच येऊरचा डोंगर सुरू होतो. त्या रानात हिंडून आलेल्या एखाद्याला पुढे ताप आला, सांधे धरले, थकवा महिनोन्‌महिने जाईना, तर काय होते? तो तापाच्या डॉक्टरकडे जातो, तेथून हाडांच्या, तेथून मेंदूच्या. प्रत्येकाचे कागद निराळे, मत निराळे. अखेर कोणी म्हणते, "तुमचे रिपोर्ट चांगले आहेत, मनाला लावून घेऊ नका." रिपोर्ट चांगले आणि माणूस आजारी! अशा रोग्याचे समाधान कशाने होते, हा आजचा प्रश्न.

याचा बोलका दाखला अमेरिकेत सापडतो. 1975 च्या सुमारास कनेटिकट राज्यातील लाइम गावात व आसपास मुलांचे गुडघे सुजू लागले. निदान झाले संधिवाताचे. पण एका टापूत इतकी मुले कशी, हे आयांनी विचारले. त्यांतील पॉली मरे या बाईंनी वर्षानुवर्षे टिपणे ठेवली होती, आणि त्यांचे स्वतःचे दुखणे मनाचा खेळ ठरले होते. डॉ. ॲलन स्टीअर यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि शोधाला वाट मिळाली. 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोचिडीत सापडलेला नागमोडी जंतू जगापुढे मांडला.

नाव सापडले, पण नवी अडचण उभी राहिली. थकवा दिसला की लाइमची शंका येऊ लागली. रक्ततपासणीनेही सारा उलगडा होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत रोग असूनही ती 'नाही' म्हणू शकते, आणि रोग बरा झाल्यावरही कित्येक वर्षे 'आहे' म्हणत राहते. पॅरिसमध्ये लाइमच्या संशयाने आलेल्या 301 रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. दहांतून एकाचेही निदान पक्के ठरले नाही. बाकीच्यांत सांध्यांचे, मज्जातंतूंचे, मनाचे असे नाना आजार निघाले. म्हणजे दुखणे खरे होते, नाव तेवढे चुकले होते. त्याच वर्षी फ्रान्सने गोचिडीच्या रोगांसाठी पाच खास केंद्रे नेमली. अशा ठिकाणी निरनिराळ्या शाखांचे डॉक्टर एकाच रोग्याचा एकत्र बसून विचार करतात.

आपल्याकडे लाइम विरळा. पण धडा आपल्यालाही लागू आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये माकडताप पसरला. 1957 साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा रोग गोचिडीच चावून देते. येथे डॉक्टरइतकाच मेलेल्या माकडाची खबर देणारा वनरक्षक मोलाचा, आणि पशुवैद्यही. विदर्भात 2018 मध्ये स्क्रब टायफसने माणसे दगावली. हा रोग बारीक किड्याच्या अळीमुळे होतो. चाव्याच्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते, तीही काखेत किंवा जांघेत. कोणी अंग नीट पाहिलेच नाही, तर खपली दिसत नाही आणि डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध वेळेवर पडत नाही.

तेव्हा समाधान म्हणजे रोग्याला हवे ते नाव देणे नव्हे. सलाइन लावून घेऊन घरी जाणाराही समाधानी असतो. ते समाधान दोन दिवसांचे. खरे समाधान चार गोष्टींनी होते. आपले सगळे म्हणणे कोणी ऐकले. डॉक्टर आपसांत बोलले व निकाल एक दिला. 'हा रोग नाही' म्हणताना कारण सांगितले. आणि पुढे कोणाकडे यायचे ते ठरवून दिले. यांतील चौथी गोष्ट राहिली, की पहिल्या तिन्ही वाया जातात. रोगी पुन्हा दारोदार फिरतो आणि शेवटी महिनोन्‌महिने नको ती औषधे देणाऱ्याच्या हाती सापडतो.

अशी केंद्रे आपल्या दाराशी येईपर्यंत आपणही थोडे करू शकतो. रानात कधी गेलो, ताप कधी आला, काय चावले, कोणती औषधे घेतली, हे एका कागदावर लिहावे आणि तोच कागद प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवावा. पॉली मरे यांनी याहून वेगळे काय केले होते?